गुलाबरावचा मंगळवार

गुलाबराव डोंगरदिवे बुलढाण्याच्या डेपोत कंडक्टर होता. आठवड्यातले सहा दिवस तो काय करतो हे साऱ्या जगाला दिसत असे. खाकी कपडे, खांद्याला चामडी पिशवी, हातात तिकिटांची पेटी आणि कानावर पेन्सिल. सातव्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, त्याची सुट्टी असे, आणि त्या दिवशी तो काय करतो हे मात्र गल्लीत कुणालाच धड उमगत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी माणसं उशिरापर्यंत लोळतात, निवांत दाढी करतात, दुपारी मटण आणतात. हा पठ्ठ्या सकाळी उठून आपल्याच डेपोची पहिली गाडी धरायचा, धाडच्या अलीकडच्या फाट्यावर उतरायचा आणि दिवसभर एका उघड्याबोडक्या टेकडीवर माती खणत बसायचा. तेही फुकट.

"पैसे देतेत का तुमाले तिथं?" शेजारची केसरबाई विचारायची.

"नाई."

"जेवाले तरी?"

"जेवाले देतेत. पन भाकरी आपनच थापा लागते."

"अगाई!" म्हणून केसरबाई कपाळावर हात मारायची आणि पंचफुलाकडे, गुलाबरावच्या बायकोकडे, अशा नजरेनं बघायची की जणू तिच्या नवऱ्याला काहीतरी बाधा झाली आहे.

त्या टेकडीचं नाव रानघर. महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. बुलढाण्याच्या एका शाळेतून सोनटक्के नावाचे चित्रकलेचे मास्तर निवृत्त झाले. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. त्यांनी गाठीशी होतं नव्हतं ते घालून चार एकर बरड जमीन घेतली आणि तिच्यावर मातीच्या तीन खोल्या बांधल्या. तिथं झाडं लावायची, उतारावर चर खणून पाणी अडवायचं, गवत राखायचं, आणि त्याच मातीतून, फुलापाल्यातून रंग काढून चित्रं काढायची. ज्याला यायचं त्यानं यावं, काम करावं, एका पंगतीत जेवावं आणि जावं. कधी चार माणसं असत, कधी पंधरा.

मास्तरांना ही जागा दाखवली होती गुलाबरावनंच. निवृत्त होण्याच्या आधीपासून मास्तर डालड्याच्या डब्यांत रोपं घेऊन त्याच्या गाडीनं हिंडत, आणि रोपं टपावर न टाकता तो ती आपल्या सीटखाली ठेवून घेई. एक दिवस मास्तर म्हणाले, "कुणी नको म्हणतं अशी जमीन कुठं मिळेल का हो, गुलाबराव?" त्यानं मालकाचं नाव सांगितलं, स्वतः बरोबर जाऊन टेकडी दाखवली. तेव्हापासून त्याचा मंगळवार त्या टेकडीचा झाला.

यामागं आणखी एक गोष्ट होती, जी तो कुणाला बोलून दाखवत नसे. उंद्रीत, त्याच्या गावात, तो गुलब्या होता. छप्पन साली बापानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, त्याच साली गुलब्या मॅट्रिक झाला, पुढं अंगावर खाकी आली. तरी गाडीत गावाकडचे काही लोक तिकिटाचे पैसे त्याच्या हातावर वरून टाकत, बोटाला बोट लागू न देता. तो ते पैसे मुकाट्यानं पिशवीत टाकी आणि घंटीची दोरी जरा जोरात ओढी. रानघरावर मात्र पहिल्या दिवसापासून मास्तरांनी त्याला 'गुलाबराव' म्हटलं, त्याच्या हातची भाकरी मोडून खाल्ली, आणि फाटकावरची पाटी रंगवायला त्याच्याच हाती कुंचला दिला. त्यानं 'रानघर' ही चार अक्षरं इतकी देखणी काढली की मास्तर दोन पावलं मागं सरून बघत राहिले. त्या चार अक्षरांवर गुलाबराव चार वर्षं जगला असं म्हटलं तरी चालेल.

पाचव्या वर्षी रानघरावर मोठी खोली उभी राहिली. तिची उत्तरेची भिंत चांगली लांबरुंद. मास्तर म्हणाले, "ही भिंत तुमची, गुलाबराव. तुम्हाला वाटेल ते काढा."

त्याच्या मनात चित्र कधीचं तयार होतं. राजूरच्या घाटानं वळण घेत चढणारी लाल गाडी, दोन्ही बाजूंना फुललेले पळस. रिकाम्या ट्रिपशीटच्या पाठीमागे त्यानं ते वीस वेळा काढून पाहिलं होतं. पण भिंतीचा गिलावा काही केल्या टिकेना. आज लावला की परवा भेगा पडत. दोनदा खरवडला, दोनदा लावला. तिसऱ्यांदा तडकला तेव्हा गुलाबराव घरी येऊन ताटावर बसला तो चिडलेलाच.

"काय झालं?" पंचफुलानं विचारलं.

"काई नाई. भीत तडकून राह्यली."

"मातीचा गारा कुजवला किती दिस?"

"कुजवला म्हंजे?"

पंचफुला हसली. तिचं सारं लहानपण माती तुडवण्यात गेलं होतं. तिची माय गावोगाव घरं लिपायच्या कामावर जाई आणि ही तिच्या मागं. "काल भिजवला अन् आज लावला असन तुमी. ते चिकनमाती हाय. तिच्यात नाल्याची रेती टाका, गव्हाचं कुटार टाका, अन् आठ दिस पान्यात राहू द्या. वास सुटला पाह्यजे, नाक धरा लागलं पाह्यजे. मंग तुडवा."

पुढच्या मंगळवारी गुलाबरावनं तसंच केलं, आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी गारा लावला. पंधरा दिवस झाले, भिंतीला केसाएवढीही भेग गेली नाही. जेवायला बसलेल्या साऱ्यांसमोर मास्तर म्हणाले, "ड्रॉइंग शिकवून माझे केस पांढरे झाले, पण मातीचं मला काही कळलं नाही. या गुलाबरावनं शिकवलं. कसं सुचलं हो तुम्हाला?"

गुलाबरावच्या तोंडात भाकरीचा घास होता. तो गिळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात खरं सांगता आलं असतं.

"सुचलं आपलं," तो म्हणाला.

इथून सारं बिघडलं. पुढं खोलीच्या कुडाला उदई, म्हणजे वाळवी, लागली. गुलाबराव म्हणाला, विचार करून सांगतो. घरी येऊन त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, आणि पंचफुलानं भाकरी थापता थापता सांगितलं, निंबाचा पाला सात दिवस भिजवा, ते पाणी अन् चुलीतली राख कालवून खालच्या हातभर भागाला पोतारा द्या. तेही लागू पडलं. मास्तरांनी पुन्हा पाठ थोपटली. गुलाबरावला वाटे, बायकोचं ते आपलंच की. ते सांगायला ती काही इथं येत नाही. ओझं वाहून आणणारा तर मीच.

मग एका मंगळवारी मास्तरांनी त्याला अडवलं. "भिंतीला शेवटचा हात पांढऱ्या मातीचा द्यायचा म्हणतोय. पण तिच्यात डिंक घालू की बेलाचा गर? आणि ओलं असतानाच रंग भरायचा की वाळल्यावर?"

"घरी इचारून सांगतो," गुलाबराव बोलून गेला.

मास्तरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "घरी? घरी कोणाला?"

"नाई, म्हंजे... आमच्या मंडळीले थोडं समजते त्यातलं."

"अहो, मग त्यांनाच आणा की इकडं!"

असं पंचफुलाचं रानघरावर येणं झालं. घरी गुलाबरावची म्हातारी आई होती, लहान पोरीकडे तिनं बघावं असं ठरलं. पंचफुला लग्नातलं हिरवं लुगडं नेसली. गाडीत ती खिडकीशी बसली आणि फाटा येईपर्यंत बाहेर बघत राहिली. रानघरावर पोचल्यावर तासभर ती अशी बुजून उभी होती की गुलाबरावला तिची कीव आली. तो तिला आपले चर दाखवत होता, आपण लावलेली अंजनाची झाडं दाखवत होता, आणि मनात म्हणत होता, बरं झालं, हिलाही कळेल आपण कोण आहोत ते.

मग मास्तरांनी तिला भिंतीपुढं नेलं. तिनं तळहात लावून पाहिला, नखानं खरवडलं, चिमूटभर माती जिभेवर ठेवली.

"बेलाचा गर घाला," ती म्हणाली. "डिंकाले मुंग्या येतीन. अन् रंग ओल्यावर. वाळल्यावर भरसान तं पोपडे निंगतीन."

एवढं बोलून तिनं पदर खोचला आणि पांढऱ्या मातीच्या पाटीत हात घातला. दुपारपर्यंत निम्मी भिंत लिपून झाली. तिचा हात नुसता फिरत नव्हता, फिरता फिरता मागं काहीतरी ठेवून जात होता. बोटांच्या टोकांनी ओल्या मातीत जोंधळ्याची कणसं उठत होती, कणसांखाली तितरांची रांग पळत होती. लहानपणी मायबरोबर लिपताना शेवटच्या हाताला अशी बोटं ओढायची तिला सवय होती. ते चित्र आहे हे तिला माहीतच नव्हतं. त्या सुमारास नागपूरच्या चित्रकलेच्या शाळेतल्या दोन मुली तिथं मुक्कामाला होत्या. त्या काम टाकून येऊन उभ्या राहिल्या. मास्तर जमिनीवर मांडी घालून बसले आणि कितीतरी वेळ हलले नाहीत.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला, पंचफुलाबाई?"

"कोनी नाई जी. असंच."

"पुसू नका. असंच राहू द्या. पुढंही करा." मग मास्तरांना आठवण झाली. ते गुलाबरावकडे वळले. "गुलाबराव, तुमची गाडी आपण फाटकाजवळच्या भिंतीवर घेऊ. तिथं येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल. चालेल ना?"

"चालन ना," गुलाबराव म्हणाला. "न चालाले काय झालं?"

पण त्याच्या छातीत कुणीतरी पकडीनं चिमटा काढावा तसं झालं. आपण रोज हजार तिकिटांना पाडतो तसं एक भोक आत पडलं.

त्यानंतर पंचफुला दर मंगळवारी येऊ लागली. तिनं गवत कुठलं राखायचं ते सांगितलं, पवन्या राखा, कुसळी उपटा. चर कुठं फुटणार तेही सांगितलं, आणि तो तिथंच फुटला. गुलाबराव ऐकत राही आणि मोजत राही. आज मास्तरांनी 'पंचफुलाबाई' किती वेळा म्हटलं? सतरा. 'गुलाबराव' किती वेळा? चार, त्यातही दोनदा 'गुलाबराव, पंचफुलाबाई कुठं आहेत?' असं. घरी ही बाई त्याच्या मागून जेवायची, इथं पंगतीत त्याच्या शेजारी बसायची, आणि तिच्या ताटात वाढताना लोक 'घ्या ना बाई' म्हणायचे. सगळ्यात टोचत होतं ते तिचं हसणं. नागपूरच्या मुलींबरोबर चिखल तुडवताना ती मान मागं टाकून खदाखदा हसे. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, असं हसणं घरात त्यानं ऐकलं नव्हतं. हे हसू हिनं कुठं ठेवलं होतं? आणि इथंच कसं काढलं?

एखाद्या परक्या पुरुषावरून जळफळाट झाला असता तर तो निदान कुणाला सांगता आला असता. मास्तर साठी उलटलेले, बापासारखे. त्यांच्यावरून नव्हतंच हे. हे बायकोवरूनच होतं. मॅट्रिक आपण झालो, जागा आपण शोधली, पाच वर्षं चर आपण खणले, आणि ही दोन महिन्यांत येऊन आपल्या जागेवर बसली. तिला त्याचा पत्ताही नाही, हे तर आणखी वाईट.

एका सोमवारी संध्याकाळी तो घरी आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "उद्या तू नको येऊ."

"काऊन?"

"मास्तरच म्हनत होते. आता भितीचं काम होत आलं. बाईमानसाले इतक्या दूर दर आठवड्याले काऊन आनता, लोकं काय म्हनतीन, असं म्हनत होते."

पंचफुला निखाऱ्यावर भाकरी शेकत होती. ती भाकरी उलटवायची राहिली, करपली. "मास्तर असं म्हनले?"

"मंग काय मी खोटं बोलतो?"

तिनं करपलेली भाकरी बाजूला ठेवली, ती तिनंच खाल्ली, आणि पुन्हा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी गुलाबरावनं रानघरावर सांगितलं, पंचफुलाला ताप आहे. पुढच्या मंगळवारी सांगितलं, ताप उतरला पण अशक्तपणा आहे. तिसऱ्या मंगळवारी म्हातारीचं दुखणं काढलं. मास्तरांनी एकदा गवती चहा दिला, एकदा मधाची बाटली. मध त्यानं डेपोतल्या ड्रायव्हर कारभारीला देऊन टाकला.

भिंत उजवीकडे हातभर उरली होती. ती तशीच उरली. नागपूरच्या मुली म्हणाल्या, आपण करू का? मास्तर म्हणाले, "नको. हात बदलला की दिसतो." गुलाबराव फाटकाजवळ आपली गाडी रंगवत होता. ती त्याला जमेना. चाकं कधी मोठी होत, कधी लहान, आणि पळस झाडूसारखे दिसत. खरं तर पूर्वीपेक्षा वाईट नव्हती. पण आता जोंधळ्याची ती कणसं पाहिलेल्या डोळ्यांना ती कशी दिसत असेल, हा विचार कुंचल्याबरोबर सारखा हालत होता.

पाचव्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, सकाळच्या धाडच्या गाडीला मरणाची गर्दी होती. माणसं, टोपल्या, कोंबड्या. सोनटक्के मास्तर बुलढाण्याला चुना न्यायला आले होते. ते दोन डबे घेऊन चढले आणि दाराशीच उभे राहिले. गुलाबराव तिकिटं फाडत मागून पुढं सरकत होता. मास्तरांजवळ आला तसं त्यांनी प्रेमानं त्याच्या दंडाला धरलं.

"पंचफुलाबाई कशा आहेत आता? सव्वा महिना झाला. डॉक्टरला दाखवलं का? हे असं रेंगाळणारं दुखणं चांगलं नाही हो."

"हाव, हाय बरी," गुलाबराव पुटपुटला आणि पुढं सरकायला लागला. पण मास्तरांच्या पलीकडेच, टोपलीवर हात ठेवून, केसरबाई बसली होती. ती लेकीकडे धाडला निघाली होती.

"कोन, पंचफुला?" केसरबाई साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तिले काय धाड भरली? काल माह्या संग हौदावर गोधड्या धुतल्या तिनं, चांगल्या चार! दुखनं कोनाले हाय?"

मास्तरांनी केसरबाईकडे पाहिलं, मग गुलाबरावकडे. आजूबाजूची दोन-चार डोकी वळली. या गाडीत गुलाबराव राजा होता. त्यानं दोरी ओढल्याशिवाय ती हालत नसे. त्या क्षणी त्याला वाटलं, दोरी ओढावी, गाडी थांबवावी आणि खाली उतरून सरळ चालायला लागावं.

"एक फाटा," मास्तर म्हणाले आणि पैसे त्याच्या तळहातावर ठेवले. नेहमीसारखेच ठेवले, बोटं टेकवून. त्यानं तिकीट फाडलं. फाट्यावर मास्तर उतरले, डबे घेतले आणि मागं न बघता टेकडीकडे निघाले. एरवी ते हात हलवत.

केसरबाई गप्प बसणारी बाई नव्हती, आणि दुपारच्याच गाडीनं ती परतली होती. गुलाबराव संध्याकाळी घरी आला तेव्हा पंचफुला उंबऱ्यात बसली होती आणि पोर आजीबरोबर शेजारी गेली होती.

"मास्तर तसं म्हनलेच नोते," ती म्हणाली.

तो तिच्या बाजूनं आत गेला.

"मी सव्वा महिना इचार करून राह्यली, माहं काय चुकलं. जास्त हासली का, मोठ्यानं बोलली का. काऊन सांगलं असं?"

गुलाबरावनं पिशवी खुंटीला अडकवली. खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं. "तिथं मले लोक गुलाबराव म्हनतेत," तो म्हणाला. "साऱ्या दुनियेत तेवढी एकच जागा हाय. ते तू घेतली."

"अन् मले तिथं पंचफुलाबाई म्हनतेत," ती म्हणाली. "तुमाले गाडीतले लोकं मास्तर म्हनतेत, कंडक्टरसाहेब म्हनतेत. मले कोन काय म्हनते? मायबापाच्या घरी पंची. इथं तुमी 'अवं' म्हनता. नऊ वर्सांत तुमी माहं नाव घेतलं का एकदा तरी?"

ती उठली, चूल पेटवली, त्याला वाढलं. ओरडली नाही, रडली नाही. त्यानं दोन घास खाल्ले आणि ताट सारलं.

गुरुवारी सकाळी धाडच्या गाडीला गर्दी नव्हती. बसस्टँडवर रांगेत चौथी पंचफुला उभी होती, हिरवं लुगडं नेसून, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. ती चढली आणि खिडकीशी बसली. गुलाबराव तिकिटं देत देत तिच्यापाशी आला आणि तसाच पुढं जायला लागला.

"तिकीट द्या," ती म्हणाली.

"अवं, असू दे, मी भरतो."

"तिकीट द्या. एक फाटा."

मागच्या सीटवरचा माणूस बघत होता. गुलाबरावनं तिकीट काढलं, भोक पाडलं, तिच्या हातावर ठेवलं. तिनं पैसे सुटे, नेमके आणले होते. फाट्यावर तिनं स्वतः उठून दोरी ओढली. पुढं ड्रायव्हर कारभारीनं आरशातून पाहिलं.

त्यानंतर चार मंगळवार गुलाबराव रानघराकडे फिरकला नाही. डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत पत्ते कुटत बसला. पंचफुला गुरुवारी जात होती. घरी ती सारं नीट करत होती, बोलतही होती, पण रानघराविषयी अवाक्षर काढत नव्हती. तोही विचारत नव्हता, आणि न विचारण्यानं आतून कुरतडला जात होता. शेवटी पत्ते पिसता पिसता कारभारीच म्हणाला, "आज सकाळी बुलढान्याचे मोठे साहेब उतरले होते फाट्यावर. तुह्या बायकोची भीत पाहाले. तू पाह्यली का बे, पुरी झाल्यावर?"

"पाह्यली ना," गुलाबराव म्हणाला, आणि हातातली पानं खाली टाकून तसाच उठला. दुपारच्या गाडीनं तो फाट्यावर उतरला.

खोलीत कुणी नव्हतं. भिंत पूर्ण झाली होती. उरलेल्या हातभर जागेत तिनं टेकडी काढली होती, टेकडीवर एकाखाली एक ओढलेले चर, चरांत अडलेलं पाणी, आणि पाण्यावर वाकलेल्या बायकांच्या ओळी. गुलाबरावनं पहिल्यांदा काय केलं असेल तर त्या ओळींत स्वतःला शोधलं. टोपी, खाकी, पिशवी, काहीतरी. तो कुठंच नव्हता. ते चर त्यानं खणले होते, हातांना फोड येईपर्यंत खणले होते, आणि चित्रात तो नव्हता. मत्सर पुन्हा एकदा वर आला. आणि तरीही भिंतीवरून त्याची नजर हलेना, कारण भिंत चांगली होती. इतकी चांगली की ती आपली असती तर काय झालं असतं, एवढंच त्याच्या मनात राहिलं.

मास्तर मागं येऊन उभे होते.

"मास्तर," गुलाबराव न वळता म्हणाला, "गारा कुजवायचं मले सुचलं नोतं. उदईचंही नाई. सारं तिचं होतं."

गुलाबरावला वाटलं होतं, ते खांद्यावर हात ठेवतील, जाऊ द्या म्हणतील. ते तसं म्हणाले नाहीत. त्यांचा चेहरा पडला होता.

"मी तुम्हाला सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती," ते म्हणाले.

"हाव."

"मग हेही सगळ्यांसमोर सांगा. गुरुवारी या, त्या असतील."

गुलाबरावनं एका सोबत्याशी पाळी बदलून घेतली आणि गुरुवारी आला. पंगतीत अकरा माणसं होती. पंचफुला पलीकडच्या टोकाला बसली होती. त्यानं भाकरी पुढं ओढली, पुन्हा मागं सारली, आणि उभं राहून, तिकीट नसलेल्या माणसासारखा, सांगून टाकलं. मातीचं सांगितलं, उदईचं सांगितलं, तापाचंही सांगितलं. ते मास्तरांनी मागितलं नव्हतं. सांगून झाल्यावर कुणीतरी चटणी मागितली, ती पुढं सरकवली गेली. पंचफुलानं मान वर केली नाही. फक्त पंगत उठताना त्याच्या पुढ्यातलं खरकटं ताट तिनं उचललं नाही. इथं ज्याचं ताट त्यानं उचलायचं, असा नियमच होता. त्यानं ते स्वतः विसळलं.

त्या वर्षी उन्हाळा लवकर पेटला. चैत्रातच रानघराची विहीर तळाला गेली. नाल्यातल्या झिऱ्यावरून पाणी वाहून आणून दीडशे रोपं जगवायची होती. माणसं कमी पडत होती. घरी एका संध्याकाळी पंचफुला आपणहून म्हणाली, "मंगळवारी मीही येतो. एका जनाचं काम नाई ते."

तेव्हापासून दोघं पुन्हा एका गाडीनं जाऊ लागले. तिच्या डोक्यावर दोन घागरी, त्याच्या खांद्यावर कावड. वरच्या चराची रोपं त्याच्याकडे, खालच्या चराची तिच्याकडे. उन्हं तापायच्या आत तीन-तीन खेपा होत. रोपाच्या बुडाशी पाणी थेट ओतायचं नाही, बाजूला फुटकं मडकं पुरून त्यात भरायचं, हेही तिनंच सांगितलं होतं, आणि आता दुसऱ्यांना ते सांगताना तो तिचं नाव घेई. पहिल्या वेळी नाव घेताना त्याची जीभ अडखळली होती, आणि तिनं चटकन वळून पाहिलं होतं, कुणी दुसऱ्यानंच हाक मारली की काय म्हणून.

वैशाखाच्या एका मंगळवारी मास्तर काठी टेकत चरांवरून हिंडले. वरच्या चरातली सात रोपं जळाली होती. खालच्या चरातलं एकही नाही.

"पंचफुलाबाई, कमाल आहे तुमची!" ते खालून ओरडले.

वर उभ्या असलेल्या गुलाबरावच्या छातीत ते जुनं टोचणं उठलंच. त्यानं ते ओळखलं. ते जायचं नव्हतं, कदाचित कधीच जायचं नव्हतं. खाली पंचफुला पदरानं घाम पुसत वर बघत होती, तो ऐकतोय का, ऐकून काय करतोय ते बघत होती.

"ते मडक्याचं बुड लय फुटकं घेता तुमी," ती ओरडली. "पानी लवकर उतरते. इकडं या, दाखवतो."

गुलाबरावनं रिकामी कावड खांद्यावर घेतली आणि तो खाली उतरायला लागला.